घड्याळ दोन पावलांनंतर दाबा

मॅरेथॉन संपली की हौशी धावपटूंची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘फोटोत माझा चेहराच नाही.’ खरं आहे, नसतो. रेषेवर पाऊल पडतं त्याच क्षणी बहुतेक जण मनगट वर घेतात, मान खाली घालतात आणि घड्याळाचं बटण दाबतात. लांब लेन्समधून मला दिसतो तो टोपीचा माथा. महिनोन् महिने पहाटे उठून सराव केलेल्या माणसाचा हा क्षण, आणि त्यात तोच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो चेहरा टिपण्यासाठीच मी डांबरावर गुडघे टेकून बसलेलो असतो.

त्या बटणाची तेव्हा गरजही नसते. बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, मागे टायमिंग चिप असते. सुरुवातीच्या मॅटवरून गेलात की वेळ सुरू, शेवटच्या मॅटवरून गेलात की बंद. प्रमाणपत्रावर छापतात ती हीच वेळ. मनगटावरची कुणी विचारत नाही. अव्वल धावपटू रेषेवर कसे येतात ते बघा. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकणारी कविता राऊत आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. अशा धावपटूंच्या शर्यतीत निकाल लागतो तो रेषेवर धड कधी पोचलं त्यावर, म्हणून ते छाती पुढे काढून, समोर बघत येतात. नाशिककरांनी एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

बिबची गोष्ट निराळी नाही. थंडी म्हणून वर जॅकेट, नाहीतर कमरेच्या पट्ट्याला लावलेला नंबर फिरून पाठीवर गेलेला. हजारो फोटोंतून तुमचा फोटो शोधायचा तो त्या आकड्यावरून. आकडा झाकला की फोटो ढिगात गेला. मग फोन येतो, ‘निळा टी-शर्ट घातला होता बघा.’ त्या दिवशी सगळ्यांनीच निळा टी-शर्ट घातलेला असतो. आयोजकांनीच वाटलेला असतो.

मी एकलहऱ्याला राहतो. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे मागे टाकत अंधारात गाडी काढावी लागते, कारण उजाडायच्या आत जागा धरली नाही तर तिथे प्रायोजकाचा फलक उभा राहतो. जानेवारीत गोदाकाठचं धुकं लवकर हटत नाही. पळता माणूस गोठवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या खाली आणता येत नाही. मग आयएसओ चढवायचा आणि दाणेदार चित्र सोसायचं. त्यात कमानीवर एलईडीचा पडदा असेल तर झगझगीत पट्टे उमटतात. एवढं सगळं जुळवून आणावं आणि ऐन वेळी पाहुण्यांना पदकं देण्यासाठी रेषेवरच आणून उभं करावं, हे मला अजिबात मान्य नाही. पाहुण्यांना चार पावलं बाजूला उभं केलं तर त्यांचा मान कमी होत नाही.

परत आलो की वसाहतीतले ओळखीचे काका विचारतात, ‘बटण दाबायचे पैसे कसले रे?’ काकांनी आयुष्यभर शिफ्ट केली, त्यांना कामाचा मोबदला कळतो. फोटो हे काम आहे, एवढंच कळत नाही. धावपटूही वॉटरमार्क आडवा पडलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतात आणि तोच डीपीला लावतात. वॉटरमार्कसकट. नाश्त्याच्या एका प्लेटपेक्षा फार जास्त पैसे लागत नाहीत, तरीही.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं सांगतं की, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. ठीक आहे, मालकी आयोजकांनी ठेवावी. पण कलम 57 प्रमाणे हा फोटो मी काढला असं सांगण्याचा हक्क मालकी गेल्यावरही माझ्याकडेच राहतो. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत माझा फोटो भिंतभर छापताना कोपऱ्यात माझं नाव बसेल एवढी जागा नक्की असते. ते नाव छापा. ठरलेले पैसे पुढच्या शर्यतीची नोंदणी सुरू होण्याआधी द्या. आणि धावणाऱ्यांनो, बिब छातीवर लावा, रेषा ओलांडताना समोर बघा, घड्याळ दोन पावलांनंतर दाबा.