नवीन सूचनेचा पहिला वाढदिवस

फेलोशिपच्या संकेतस्थळावरची ती सूचना गेल्या आठवड्यात एक वर्षाची झाली. ‘निवड यादी लवकरच प्रसिद्ध करण्यात येईल. उमेदवारांनी वेळोवेळी संकेतस्थळास भेट द्यावी.’ आणि या दोन वाक्यांच्या शेजारी लाल-पिवळ्या रंगात अखंड लुकलुकणारा एक बिल्ला: ‘नवीन’.

सूचनेबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात चुकीचं काहीच नाही, कारण तिच्यात मुळात काहीच नाही. माझा जीव अडकला आहे तो त्या बिल्ल्यात. पाऊस म्हणू नका, थंडी म्हणू नका, दिवाळीची सुट्टी म्हणू नका, हा गडी आपली जागा न सोडता लुकलुकतो आहे. तेवढ्या काळात कार्यालयातले दोन साहेब बदलून गेले. तिसरे आले, त्यांचं शाल-श्रीफळ झालं, त्याचे फोटो त्याच पानावर चढले आणि फोटोंनाही एकेक बिल्ला मिळाला. त्या कार्यालयात वर्षभर एकही रजा न टाकता, चहाला खाली न उतरता, नेमून दिलेलं काम चोख करणारा कर्मचारी शोधायचा झाला तर हाच सापडेल. गुणवंत कर्मचारी म्हणून त्याचं नाव सुचवायला माझी हरकत नाही. भीती एवढीच, की त्याही पुरस्काराची यादी लवकरच लागेल.

नीट पाहिलं तर पानावर बिल्ले बरेच आहेत. ‘कागदपत्र पडताळणीबाबत शुद्धिपत्रक’: बिल्ला. ‘वरील शुद्धिपत्रकातील चुकीबाबत शुद्धिपत्रक’: बिल्ला. ‘जुन्या खुर्च्यांचा लिलाव’: त्यालाही बिल्ला. खुर्च्या जुन्या, लिलाव नवीन. ज्या पानावर सगळंच नवीन असतं तिथे उशीर संभवतच नाही, कारण उशीर व्हायला आधी काहीतरी जुनं व्हावं लागतं. ही युक्ती ज्याला सुचली त्याला मी मनोमन मानतो. पूर्वी फाइल कपाटावर पडून राहिली की तिच्यावर धूळ बसायची, आणि बघणाऱ्याला धुळीवरून अंदाज यायचा. पडद्यावर धूळ बसत नाही. बिल्ल्याचे रंगही उडत नाहीत.

हा बिल्ला ज्या जातीचं चित्र आहे त्या जिफचा जन्म १९८७ चा. म्हणजे यादीकडे डोळे लावून बसलेल्या बहुतेक मुलांपेक्षा तो वयाने थोर. त्याने स्वतः फेलोशिपला अर्ज केला असता तर वयोमर्यादेत बाद झाला असता. संकेतस्थळं कशी असावीत याचे जगभर मानलेले नियम आहेत. त्यांतला एक सांगतो, की जी गोष्ट आपोआप लुकलुकायला लागते आणि पाच सेकंदांहून जास्त लुकलुकत राहते, ती थांबवण्याची सोय वाचकाला दिलेली असावी. पाच सेकंद! नियम करणाऱ्या मंडळींचा आपल्याकडच्या कार्यालयांशी कधी संबंध आला नसावा. आपल्याकडे तो बिल्ला थांबवण्याची एकच सोय आहे, ती म्हणजे यादी लावणं. आणि ती वाचकाच्या हातात नाही.

माझी भाची पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. ‘मामा, मी त्याचं लुकलुकणं मोजलं,’ ती म्हणाली. संशोधक मुलगी, हातावर हात ठेवून किती बसणार? पल्सार तारे १९६७ मध्ये सापडले तेव्हा पहिल्याचा ठोका दर १.३३७ सेकंदांनी पडत होता, आणि तो इतका नेमका होता, की परग्रहावरून कोणी संदेश पाठवत असावं अशी शंकाही घेऊन झाली. बिल्ला त्याहून वेगवान आहे, नेमकेपणात मात्र तोडीस तोड. भाचीच्या मते फरक दोन आहेत. पल्सार हळूहळू का होईना मंदावत जातो, बिल्ला मंदावत नाही. आणि पल्सारच्या बाबतीत, पलीकडे कोणीतरी जागं असेल, अशी निदान शंका घेण्याइतपत जागा होती.

तिची मैत्रीण शेजारच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम करते. तिचं घड्याळ वेगळं. २५ अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे ती सूचना लागल्यापासून माश्यांच्या छत्तीस पिढ्या झाल्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर ही झाली नऊशे वर्षं. ज्ञानेश्वरी १२९० ची. थोडक्यात, या माश्यांच्या मूळपुरुषाने ज्ञानेश्वरीच्या दीडएकशे वर्षं आधी अर्ज भरून ठेवला होता. यादवांचं राज्य येऊन गेलं, सुलतान झाले, शिवशाही झाली, पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले, आणि आज छत्तिसाव्या पिढीची माशी पान उघडते तर तिथे ‘नवीन’.

पण खरी बहार बिल्ल्याभोवती जे पंथ उभे राहिले आहेत त्यांत आहे. मुलं विज्ञानाची, हे लक्षात ठेवा. एक पंथ शुक्रवारचा: यादी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतरच लागते, कारण मग दोन दिवस कोणाचे फोन घ्यावे लागत नाहीत. दुसरा पंथ मार्चअखेरीचा: निधी परत जायची वेळ आली, की रात्री दोनला यादी लागते. तिसरा आचारसंहितेचा: लागू झाली की काही होत नाही, उठली की आठवड्यात होतं. या पंथाने वर्षभरात लहान-मोठ्या सगळ्या निवडणुका पचवल्या आणि श्रद्धा ढळू दिली नाही. एक मुलगा अंघोळ केल्याशिवाय पान उघडत नाही. एकीने यादी लागेपर्यंत वडापाव सोडला आहे. रसायनशास्त्रातली एक हुशार मुलगी अमावास्येला संकेतस्थळाकडे फिरकत नाही, आणि कारण विचारलं तर ‘मागच्या अमावास्येला उघडलं होतं, काही लागलेलं नव्हतं’ असा पुरावा देते. एकाने गाईडच्या संगणकावर पान उघडलं तर बिल्ला दिसेना! अर्ध्या तासात ही बातमी तीन विद्यापीठांत पोचली, मुलं हातातली पिपेट टाकून धावली, एकाने घरी फोन करून पेढे सांगितले. नंतर कळलं, की तिथलं नेट गेलं होतं. कार्यालयाखाली एक झेरॉक्सचं दुकान आहे. यादीची प्रत काढायला आली, की तिथल्या पोऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा, असा करार तिघाजणांनी त्याच्याशी केला आहे, आणि त्या बदल्यात तो त्यांच्या खात्यावर रोज कटिंग आणि क्रीमरोल घेतो. या सगळ्या साखळीत मानधन वेळेवर मिळणारा हा एकटाच मनुष्य.

कार्यालयात फोन लागतो, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पलीकडून ‘साइट बघा’ एवढं उत्तर मिळतं. साइटवर तळाशी ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ असं लिहिलेलं आहे. शेवटी भाची स्वतः गेली. टेबलामागच्या काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं, संगणक तिच्याकडे फिरवला आणि बिल्ल्यावर बोट ठेवलं. ‘हे काय मॅडम, नवीन आलंय. तुम्ही मुलं बघतच नाही.’

आता पैशांकडे येऊ. केंद्राच्या दराने कनिष्ठ संशोधकाला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. आदेश मात्र निघाला जूनमध्ये. मागची तारीख टाकायची कला या क्षेत्रात नवी नाही, आणि मुलांची समजूतही तिच्याच जोरावर काढली जाते: ‘मिळेल तेव्हा सगळं एकदम मिळेल.’ गावाकडे तर यादीआधीच हिशेब झालेला असतो. ‘तुला काय कमी, सदतीस हजार!’ म्हणत चुलते स्लॅबचा विषय काढतात. इकडे खानावळवाल्या काकू मागच्या तारखेने जेवू घालत नाहीत. घरमालकाला थकबाकी ही चीज फक्त एका बाजूने कळते. गाईड म्हणतात, काम थांबता कामा नये, आणि त्यांचंही खरं आहे. ई. कोलायचे जिवाणू पोषक द्रवात वीस मिनिटांत दुप्पट होतात, ते कोणाच्या यादीसाठी खोळंबत नाहीत. पेशी थांबवून ठेवायच्या असतील तर त्याला उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन आहे, त्यात त्या वर्षानुवर्षं टिकतात. मुलं तशी ठेवता येत नाहीत. त्यांना दुपारी भूक लागते, दरवर्षी त्यांचं वय वाढतं, मुलगी असेल तर दर लग्नसराईत घरून स्थळ येतं, आणि ‘तुझं ते फेलोशिपचं झालं का गं?’ या प्रश्नाला तिच्याकडे त्या बिल्ल्याखेरीज दाखवायला काही नसतं.

अर्ज भरायला मात्र शेवटची तारीख होती, आणि वेळही. सायंकाळी पाच. भाचीच्या वर्गातल्या एका मुलाचं जातवैधतेचं प्रमाणपत्र सर्व्हर घेईना. पाच वाजून दोन मिनिटांनी ते चढलं तेव्हा पानाने उत्तर दिलं: ‘मुदत संपली आहे.’ दोन मिनिटं! ती मोजायला बैठक लागली नाही, टिपणी लागली नाही, साहेब दौऱ्यावर असल्याची अडचण आली नाही. म्हणजे घड्याळ यांच्याकडे आहे, ते चालतं, आणि सेकंदाला सेकंद बरोबर चालतं. फक्त ते दाराच्या बाहेरच्या अंगाला टांगलेलं आहे. मुलाला उशीर झाला तर तो अपात्र ठरतो, कार्यालयाला झाला तर ‘प्रक्रिया सुरू आहे’. परीक्षा शुल्क एक दिवस चुकलं की विलंब शुल्क. वसतिगृहाचं भाडं चुकलं की दंड. ग्रंथालयाचं पुस्तक चुकलं की रोजचा रुपया. या देशात बावीस वर्षांच्या पोराच्या उशिराला दर ठरलेला आहे, आणि तो वसूल करायला खिडकीही आहे. त्याच्या वाट्याला आलेल्या उशिराचा दर विचारायला कुठली खिडकी आहे ते मला कोणी सांगावं.

बरं, उशिराची किंमत ठरवणं आपल्याला जमत नाही अशातला भाग नाही. लघुउद्योजकाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचं, असा २००६ चा कायदा आहे. आयकराचा परतावा रखडला तर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. महाराष्ट्रात २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यात लिहिलं आहे, की कर्मचाऱ्याने कोणतीही फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे ठेवू नये. यादी सात टेबलांवरून फिरली असं धरलं तरी कामाच्या एकोणपन्नास दिवसांत विषय संपायला हवा होता. नटबोल्ट पुरवणाऱ्याला कायद्याने व्याज आहे, आणि ते त्याला मिळालंच पाहिजे. कर भरणाऱ्याला व्याज आहे. उद्याचं औषध, उद्याचं बियाणं, उद्याची बॅटरी ज्याच्या हातून घडायची, त्याला एक लुकलुकणारं चित्र आहे.

आणि मग येतो २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. सभागृहात झेंडूच्या माळा, स्वागतगीत, आणि व्यासपीठावरून एक ठरलेलं वाक्य: ‘आजचे तरुण मूलभूत संशोधनाकडे वळत नाहीत, ही चिंतेची बाब आहे.’ अहो, वळले आहेत ते! वळून वर्ष झालं. तुमच्याच जाहिरातीवर विश्वास ठेवून त्यांनी हातातल्या नोकऱ्या नाकारल्या, बापाच्या पैशांतून खोली घेतली आणि पहाटे तीनला उठून रीडिंग घेत आहेत. वळायचं तुमचं राहिलं आहे. पुष्पगुच्छावर जेवढा खर्च होतो त्यात एखाद्याची महिन्याची खानावळ निघाली असती, पण पुष्पगुच्छाची फाइल कधी अडकल्याचं ऐकिवात नाही.

मागणी साधी आहे. ज्या जाहिरातीत अर्जाची शेवटची तारीख छापता, तिच्याच खाली निकालाचीही शेवटची तारीख छापा. ती चुकली तर पहिल्या दिवसापासून व्याज द्या, आणि ते मुलाने न मागता त्याच्या खात्यात जमा करा. याला नवा आयोग नको, समिती नको. नटबोल्टवाल्यासाठी जी तरतूद केली तीच इथे उतरवून घ्या.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या नात्यात, शेजारात असं एखादं पोर असेल तर त्याला ‘फेलोशिपचं काय झालं?’ असं विचारू नका. या महिन्याचं भाडं दिलंस का, ते विचारा. दिलं नसेल तर भरा.