खिडकीरक्षक

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या फाट्याने आत वळल्यावर लागणाऱ्या उचगावात, मळेकरणी देवीच्या छायेखाली, बंगळूरच्या कंपनीचे काम घरी बसून करणारी जी नवी जमात आढळते, तिच्यातील ‘खिडकीरक्षक’ हा पोटप्रकार विशेष अभ्यासनीय होय. त्याचे दुखणे टर्मिनलचे, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम जिच्यातून द्यायचे त्या खिडकीचे असते. चिन्हावर टिचकी मारून सुरू केलेला हुकूम संपला, की ही खिडकी तत्क्षणी मिटते, कारण तिचे आयुष्य आत चाललेल्या प्रोग्रॅमला बांधलेले असते. आणि हुकूम फसला असेल, तर तो का फसला हे सांगणारी ओळही तिच्याबरोबरच जाते. काम झाल्यावर गप्प राहावे, हा युनिक्सचा जुना रिवाज. परंतु ‘येतो हं’ म्हटल्यानंतर उंबऱ्यावर अर्धा तास बोलत उभे राहणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो.

विंडोजवरून लिनक्सवर आलेला हा गृहस्थ आधी सवयीने शेवटच्या ओळीत ‘पॉज’ लिहितो. ‘बॅश’ला, म्हणजे हुकूम वाचून अमलात आणणाऱ्या १९८९ सालच्या प्रोग्रॅमला, तो शब्द ठाऊक नसतो, आणि तशी तक्रार वाचून होण्यापूर्वीच खिडकी मिटते. मग त्याला एंटर दाबेपर्यंत थांबणारा ‘रीड’ सापडतो. पण मध्येच ‘एक्झिट’ आले, तर अखेरच्या ‘रीड’पर्यंत गाडी पोचतच नाही, म्हणून तो एक वेगळी शेल स्क्रिप्ट, म्हणजे क्रमाने चालवायच्या हुकुमांची फाइल, रचतो, जी मूळ हुकूम चालवते, त्याचा निकाल आकड्यात छापते आणि मगच थांबते. या निकालात शून्यवाला उत्तीर्ण व बाकी सारे नापास, ही पद्धत त्याच्या निवृत्त शिक्षक वडिलांना अद्याप पटलेली नसते. ‘एक्सटर्म’ या टर्मिनलात ‘होल्ड’ नावाची आयती सोय आहे, हे कोणी दाखवून दिल्यास तो दुखावतो.

स्क्रिप्टच्या अखेरीस ‘झालं की बे, एंटर मार’ असा संदेश तो आवर्जून घालतो. टर्मिनल अक्षरे सारख्या मापाच्या चौकटींत बसवू पाहत असल्याने त्यातील काना-मात्रा अनेकदा विस्कटतात, तरी त्याचा स्वाभिमान देवनागरी सोडत नाही. संध्याकाळपर्यंत एंटरची वाट पाहणाऱ्या खिडक्यांनी पडदा भरून जातो. ‘रीड’ला साठ सेकंदांची मुदत घालून खिडकी आपोआप मिटवता येते, ही सूचना मात्र त्याने साफ फेटाळलेली असते, कारण फाट्यावर चहाला गेलेला माणूस साठ सेकंदांत परतल्याची नोंद उचगावात नाही.