गाडीचा षड्ज

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सूनबाईचा सा. न. वि. वि.

इकडे मिशिगनमध्ये सर्व खुशाल. मध्यंतरी फक्त गाडी गायला लागली होती. ताशी 30 मैलांपर्यंत मुकी, मग बारीक सूर, आणि हमरस्त्यावर 70 ला पोचली की मागच्या सीटवरचं बोलणं पुढे पोचेना. तुमच्या चिरंजीवांनी सर्वांत आधी केलेला उपाय म्हणजे रेडिओ मोठा लावणं. तो बरेच दिवस लागू पडला.

मग बाबांना व्हिडिओ कॉल झाला. दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या गाड्यांची दुखणी ऐकण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांना विचारायचं नाही तर कोणाला? बाबा दोन मिनिटं कान देऊन म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे की!" दोष बाबांच्या कानांचा नव्हता. कॉलवर फोन माणसाचा आवाज राखतो आणि एकसुरी घरघर गोंगाट समजून गाळतो. जे ऐकवायचं होतं तेवढंच नेमकं गायब. नंतर साधं रेकॉर्डिंग पाठवलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न आला: आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकाबरोबर?

याचा निकाल लावला तुमच्या विहीणबाईंनी. त्या सध्या इथेच आहेत, आणि मिरजेतले गाण्याचे वर्ग बंद असल्यामुळे त्यांच्या कानांना काम नव्हतं. गाडी उभी असताना चिरंजीवांनी इंजिन रेस केलं, तर सूर लागेना. म्हणजे अल्टरनेटर, पट्टा, पुली ही मंडळी सुटली. रस्त्यावर गिअर बदलला की इंजिनाचे फेरे उतरायचे, सूर जागचा हलायचा नाही. न्यूट्रल केलं तरी तोच. अॅक्सिलरेटर दाबला काय नि सोडला काय, फरक नाही. म्हणून डिफरन्शियलवरचा संशयही बराचसा गेला. विहीणबाई मागे डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी जाहीर केलं, "35 ला जो सा, तोच 70 ला वरचा सा. 52 च्या आसपास पंचम." चिरंजीव इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी कागदावर ताळा करून पाहिला. चाकाचे फेरे दुप्पट झाले की कंपनं दुप्पट, आणि दुप्पट कंपनं म्हणजे वरचं सप्तक. दीडपट म्हणजे पंचम. सासूबाईंचं गणित बरोबर निघाल्याचं जावईबापूंना जरा जडच गेलं.

पण चाकाबरोबर टायरही फिरतं. जवळच्या एका गॅरेजने तर चारही टायर बदलायचा सल्ला देऊन टाकला होता. टायर असमान झिजलं की हुबेहूब असंच गातं, त्यामुळे सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. तपासून दिला असता तर बरं, इतकंच. बाबांनी सांगितलं, आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा, टायरचा दोष असेल तर आवाज जागा बदलेल. चाकं बदलली. आवाज जिथल्या तिथे, मागूनच. काँक्रीटवरून नव्या डांबरी रस्त्यावर आलं तरी त्याच्यात फरक नाही. टायरचे पैसे वाचले.

उरलं बेअरिंग. पण कुठलं? रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर चिरंजीवांनी गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे डोलवली. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, आणि तेव्हाच सूर चढायचा. घरी मागची बाजू जॅक लावून उचलली, खाली स्टँड दिले, पुढच्या चाकांना अटकाव घातला, हँडब्रेक सोडला. उजवं चाक हाताने गरकन फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा, ही युक्ती बाबांचीच. बोटांना बारीक खरखर लागली. डाव्या बाजूला काहीच नाही. तुमच्या नातीनेही हात लावून पाहिला आणि म्हणाली, "मांजर आहे आत."

इथून पुढे खरं युद्ध. नुसतं बेअरिंग काढून दुसरं ठोकायचं, असं या गाडीत नाही. हब, बेअरिंग आणि एबीएसचा सेन्सर असा एकच सीलबंद संच येतो. चार बोल्ट काढले की सुटतो, असं पुस्तकात म्हटलंय. पुस्तक लिहिणाऱ्याने इथला हिवाळा पाहिलेला नसावा. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि बर्फ वितळवण्यासाठी इथल्या रस्त्यांवर मीठ ओतताना कोणी हात आखडत नाही. गंजाने तो हब असा धरला होता की बोल्ट निघाले तरी तो ढिम्म. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला. सकाळी चिरंजीव हातोडा घेऊन बसले, तेव्हा शेजारी चौकशी करून गेले. हब निघाला दुपारी. नवा बसवून विहीणबाईंना 70 वर फिरवून आणलं. त्यांनी मान डोलावली नाही, म्हणजे सूर गेला.

आता विनंती. चिरंजीवांना जुना हब ग्राइंडरने कापून आतल्या कड्यांना खड्डे कुठे पडलेत ते बघायचंय, आणि त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल हेरून ठेवलंय. बाबा, कृपा करून फोन करा. रेकॉर्डिंग पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
सूनबाई