पाणी उधार, खर्च रोख

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज 372 कोटींचा. 2016 मध्ये तो 18,494 कोटींवर गेला. जवळपास पन्नास पट! या काळात सोन्यालाही इतकं चढणं जमलं नाही. भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या अडीच लाख हेक्टरांना पाणी मिळायचं होतं. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेल्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी कालव्यांची कामं चालूच.

आता याच जलाशयातून 62 टीएमसीहून जास्त पाणी उचलून 426 किलोमीटर पश्चिमेला, बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायचं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या वैनगंगा-नळगंगा नदीजोडाला मान्यता दिली. खर्च 87,342 कोटी, सिंचन 3 लाख 71 हजार हेक्टर. भागाकार करून बघा, हेक्टरी साडेतेवीस लाख रुपये पडतात. कोरडवाहू रान विकून एवढा भाव येईल का, हे अकोल्याच्या शेतकऱ्यालाच विचारा. आणि हा झाला नुसता अंदाज. गोसीखुर्दची सवय यालाही लागली, तर मंत्रालयातल्या कॅल्क्युलेटरवर शून्यं मावायची नाहीत.

पश्चिम विदर्भाची तहान खोटी नाही. तिथला सिंचनाचा अनुशेष आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या कुणी नाकारत नाही. वैनगंगेला पावसाळ्यात पूर येतो, हेही खरं. प्रश्न तोलण्याचा आहे.

प्रकल्प मंजूर करताना लाभ-व्यय गुणोत्तर मांडतात. एरवी रुपयाला दीड रुपया लाभ दिसावा लागतो, अवर्षणप्रवण भागात रुपयाला रुपया चालतो. कागदावर तो दिसतोच, न दिसून सांगतो कुणाला! लाभ पुढच्या तारखेचा असतो. नुकसान मात्र रोखीचं. गाव बुडतं ते त्याच पावसाळ्यात, पुनर्वसनाच्या नागरी सुविधा मागाहून. जंगल आज तुटतं, बदल्यात रोपं दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात लागतात. सिमेंटच्या कालव्यात पडलेल्या जनावराला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही आणि त्याला गुणोत्तरात रकानाही नसतो.

काही खर्च तर धरणाच्या खात्यावर चढतच नाहीत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि मग गोसीखुर्दमध्ये येऊन थांबतं. वाहत्या नदीनं ते पुढं नेलं असतं, धरणानं मुक्कामी ठेवून घेतलं. पाण्यावर जलपर्णी माजली, ढिवरांच्या जाळ्यातली मासळी घटली. नाग नदी साफ करायला 1,927 कोटींचा वेगळा प्रकल्प आहे. म्हणजे धरणाच्या मूळ अंदाजाच्या पाचपट रक्कम फक्त त्यात येणारी घाण अडवायला. ही रक्कम कुठल्या गुणोत्तरात धरली, ते शोधणाऱ्याला गोसीखुर्दचं एक घागरभर पाणी बक्षीस. उकळून प्यावं.

गोसीखुर्दच्याच पूर्व विदर्भात कोहळी समाजानं बांधलेले माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव हजारोंनी आहेत. गाळ काढला, पाळ नीट केली की धानाला पाणी मिळतं. पण तिथं फीत कापायला हेलिकॉप्टर उतरत नाही आणि खर्च पन्नास पटीनं वाढवायला वावही नसतो. त्यामुळे ते मागास ठरतात.

नवं काही करू नका, असं कुणी म्हणत नाही. आधी जुन्याचा हिशेब छापा: कबूल केलेलं क्षेत्र किती, प्रत्यक्ष भिजलेलं किती, उठवलेल्या माणसांपैकी स्थिरावलेली किती, घाण धुण्याचं बिल किती. शेतकरी नवं पीककर्ज मागायला गेला की बँक आधी बेबाकी प्रमाणपत्र मागते. 87 हजार कोटी मागणाऱ्या जलसंपदा खात्याकडून गोसीखुर्दचं बेबाकी प्रमाणपत्र मागायला काय हरकत आहे?