डॉक्टरांच्या परवानगीने

पुण्यातील कोणत्याही बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहा ते सातच्या वेळात जो वर्ग आढळतो, त्यात बायपासवीर ही पोटजात आता इतकी रुळलेली आहे की तिची ओळख करून देण्याचे कारण उरलेले नाही. प्रत्येक वाचकाच्या परिचयात असा एक तरी असतोच, आणि नसल्यास वाचकाने स्वतःच्याच छातीवर हात ठेवून पाहावा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत जेथे अडथळा असतो, तो भाग टाळून पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी जोडायची आणि रक्ताला वळणरस्ता काढून द्यायचा, या शस्त्रक्रियेस बायपास म्हणतात. पायातील शीर वापरण्याची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनी शल्यविशारदाने १९६७ पासून अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रुजवली. तिचा उपयोग पुढे शटल रेषेच्या आत पडले की बाहेर, हे ठरवण्यासाठी होईल, अशी शंका त्यांना येणे शक्य नव्हते.

बायपासवीराचे व्यवच्छेदक लक्षण छातीवरचा व्रण हे नव्हे, कारण तो शर्टाखाली झाकता येतो (झाकला जातो असे नाही). खरे लक्षण म्हणजे ‘डॉक्टरांनी परवानगी दिली आहे’ हे वाक्य. प्राचीन शास्त्रग्रंथांत मूळ सूत्र दोन-चार शब्दांचे असते आणि त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी असा पसारा वाढत जातो. या परवानगीचेही तसेच आहे. मूळ सूत्र, उपलब्ध पुराव्यांवरून, ‘चालायला लागा, झेपेल तसं वाढवा’ एवढेच असते. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभे कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधलेले असते व ते पुरते जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, म्हणून तोवर जड उचलू नये, हातांनी रेटा देऊ नये, खोकताना छातीशी उशी धरावी, असे नियम असतात. हे नियम बायपासवीर सूत्रात धरत नाही. त्याच्या मते ते प्रक्षिप्त होत.

‘झेपेल तसं’ या दोन शब्दांवर मग भाष्याची इमारत चढते. तिसऱ्या महिन्यात हॉलच्या बाकावर बसून इतरांच्या चुका काढण्याची परवानगी मिळते. चौथ्यात फक्त सर्व्हिस करण्याची, कारण पाच ग्रॅमच्या आसपास वजनाच्या, सोळा पिसांच्या वस्तूस टिचकी मारणे म्हणजे व्यायाम नव्हे. पाचव्यात जाळीजवळ उभे राहण्याची. जाळीजवळच्या या अवस्थेत दुहेरी सामन्यातला जोडीदार मागचे सगळे अंगण एकटा राखतो आणि बायपासवीर प्रत्येक शटलला ‘तुझं!’ असे ओरडून सांघिक भावना जोपासतो. पुढे परवानगीची व्याप्ती खेळाबाहेर पसरते. खेळ संपल्यावर एक बटाटवडा, जुन्या पद्धतीने १५ गुणांचाच डाव (२००६ मध्ये २१ गुणांची पद्धत आली, ती हृदयाला मानवत नाही), पंख्याखालची खुर्ची, हे सारे डॉक्टरांनी मान्य केलेले असते. आणि शटल रेषेबाहेर चांगले चार बोटे पडलेले सर्वांनी पाहिले असतानाही ते आत होते असे त्याने ठासून सांगितले, की समोरचा खेळाडू हताशपणे विचारतो, “काका, यालाही डॉक्टरांची परवानगी आहे का?”, त्यावर उत्तर येते, “वाद घालायचा नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलंय.”

त्याच्या शरीरशास्त्रीय व्याख्यानांना मात्र तथ्याचा आधार असतो, हे खेदाने मान्य करावे लागते. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल गती काढण्याचा जो सुटसुटीत हिशेब व्यायामशाळांतून सांगितला जातो, तो बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मुद्दाम मंद ठेवणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यास लागू पडत नाही. अशा वेळी बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० अंकांची मोजपट्टी उपयोगी पडते. श्रम किती वाटतात ते खेळणाऱ्यानेच अंकात सांगायचे असते. बायपासवीराचे उत्तर कायम ‘अकरा’, म्हणजे ‘हलके’, असे असते. फक्त लांब रॅलीनंतर तो अंक उच्चारायला त्याला भिंतीचा आधार आणि अर्धे मिनिट लागते.

हॉलमध्ये कोणी ‘पित्त झालंय’ म्हटले की मात्र बायपासवीराची थट्टा करण्याची सोय राहत नाही. त्याच्या स्वतःच्या छातीतल्या कळीवर घरातल्या सर्वांनी आठ दिवस थंड दुधाचा इलाज केला होता. त्यामुळे पित्त म्हणणाऱ्याच्या हातातील रॅकेट तो काढून घेतो, आणि ईसीजी होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी, एरवीची सगळी बडबड बंद करून, बसून राहतो.

हॉलमधल्या याच मंडळींनी तो शस्त्रक्रियेनंतर परत आल्यावर आपापसांत न बोलता एक करार केला, आणि तो त्याला फार लवकर समजला. ड्रॉप म्हणजे जोरदार फटक्याचा आव आणून शटल जाळीलगत अलगद सोडणे, ज्यासाठी प्रतिस्पर्ध्याला वाकून, झेपावून पुढे यावे लागते. जाळीजवळच्या डाव्या कोपऱ्यातला ड्रॉप हे त्याचे वीस वर्षांचे दुखणे. याच एका फटक्यावर त्याला सगळ्यांनी हरवलेले, आणि त्यावरून त्याने सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला. शस्त्रक्रियेनंतर त्या कोपऱ्यात शटल पडेनासे झाले. ते हाताशी येते, छातीच्या उंचीवर, ताटात वाढल्यासारखे. तो जिंकू लागला. प्रत्येक डाव जिंकल्यावर तो त्या रिकाम्या कोपऱ्याकडे क्षणभर पाहतो आणि मग डॉक्टरांनी आणखी काय काय चालेल म्हणून सांगितले आहे, हे नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगू लागतो; त्या यादीत ड्रॉप हटकून असतो. ऐकणारे माना डोलावतात आणि पुढचे शटल पुन्हा हाताशी देतात.

मे महिन्याच्या सुटीत कोणाचा तरी भाचा खेळायला येतो, ज्याला या कराराची माहिती नसते, आणि तो पहिल्याच डावात डाव्या कोपऱ्यात ड्रॉप सोडतो. बायपासवीर झेपावतो, रॅकेट जाळीत अडकते, गुडघा टेकतो, हॉलमधले चारही खेळ थांबतात. शटल रेषेवर, वाद घालण्याजोग्या जागी, पडलेले असते. तो उठतो, ते उचलून त्या पोराकडे टाकतो आणि एक शिवी हासडून म्हणतो, “आत होतं.” त्या गुणापुरते तो डॉक्टरांचे नाव घेत नाही.