उठू या का?

सिनेमा टुकार आहे हे माणसाला साधारण विसाव्या मिनिटाला कळतं. ते कबूल करायला मध्यंतर उजाडावं लागतं आणि उठून जायला त्याहूनही मोठं कारण लागतं. शेवटची लोकल, घरी एकटी असलेली आजी, नाहीतर 'तुमची गाडी आडवी लागलीय' असा पार्किंगवाल्याचा निरोप. नुसतंच 'आवडला नाही म्हणून उठून आलो' असं सांगणारा माणूस आपल्याकडे जरा उधळ्याच समजला जातो.

याचं मूळ पानात काही टाकायचं नाही या शिकवणीत असावं. भाजी खारट झाली तरी ताट स्वच्छ व्हायला हवं, तसा पिक्चर कितीही रटाळ निघाला तरी पाट्या पडेपर्यंत बसायला हवं. त्यात तिकिटाला पैसे मोजलेले. ते वसूल करायचे. आता ही वसुली कशी, तर पैसे गेलेच आहेत, त्यांच्यामागोमाग उरलेला दीड तासही घालवायचा.

मल्टिप्लेक्सच्या मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहिलं की हा व्यवहार जवळून पाहायला मिळतो. पुढे एक जोडपं असतं.

"कसा वाटतोय तुम्हाला?"

"ठीक आहे. तुला?"

"बरा आहे. पुढे काहीतरी घडेल."

"हो, चार स्टार होते ना याला."

एवढं बोलून दोघं बोर्डावरचे दर वाचू लागतात. खरं तर निघून जाण्याची हीच अधिकृत वेळ. दिवे लागलेले, दार उघडं, कुणाच्या पायावर पाय पडण्याची भीती नाही. पण बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते काही उगाच नाही. याच क्षणी ते आणखी साडेचारशे रुपये भरून मोठी बादली घेतात आणि तिच्यासकट आत जातात. आता तिकिटाबरोबर पॉपकॉर्नचीही वसुली आली. खरी हकिगत रात्री गाडीत कळते. "मला मध्यंतरातच निघायचं होतं." "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही रंगून बघत होता." "मी? मी तुझ्यासाठी बसलो होतो!" दोन माणसं एकमेकांच्या आनंदासाठी तीन तास कंटाळतात. संसार याहून वेगळा काय असतो म्हणा.

या वसुलीच्या ओढीचा रीतसर अभ्यासही झालेला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची वर्षभराची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. काहींना तिकीट पूर्ण दरात, म्हणजे १५ डॉलरला दिलं. काहींना २ डॉलर आणि काहींना ७ डॉलर सूट दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी सूटवाल्यांपेक्षा जास्त नाटकं पाहिली. नाटकं सगळ्यांना तीच, जास्त गेलेल्या पैशांनी मात्र माणसं खेचून नेली. माझा जीव रमला तो पुढच्या तपशिलात. हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे खर्चाचं दुःखही काही महिन्यांत ओसरतं. आपली अडचण एवढीच की सिनेमा तीन तासांत संपतो. तो सहा महिने चालला असता तर आपण सगळे कधीच उठून गेलो असतो.

पण समजा, तिकिटाचं दुःख गिळलं आणि ठरवलं उठायचं. तरी उठणं ही काही सोपी क्रिया नाही. आपली जागा नेमकी रांगेच्या मधोमध असते. एका बाजूला सहा जोड्या गुडघे, दुसऱ्या बाजूला आठ. कमरेत वाकून, 'सॉरी, सॉरी' पुटपुटत, पडद्याकडे पाठ करावी की लोकांकडे, या धर्मसंकटात अडकून, कुणाच्या तरी नाचोजच्या चीजमध्ये शर्टाची बाही बुडवत आपण निघतो. नायकाचं तोंड आपल्या डोक्यामागे जातं आणि मागून 'ओ भाऊ, बसा की' असा आवाज येतो. जुन्या एकपडदा थिएटरांत तर घडीच्या लाकडी खुर्च्या होत्या. माणूस उठला की सीट खाडकन मागे आपटायची. ते खाडखाड आवाज मोजले की पिक्चर किती आठवडे चालणार याचा अंदाज डोअरकीपरला सहज यायचा. आता खुर्च्या गुबगुबीत झाल्या, उठल्याचा आवाज होत नाही आणि दिग्दर्शकांना काही कळेनासं झालं.

नाटकाची गोष्ट वेगळी. तिथे नटाला आपण दिसतो. तिसऱ्या रांगेतला माणूस ऐन स्वगतात उठला तर त्याची पाठ रंगमंचावरून बघितली जाते, या भीतीनं अर्धा महाराष्ट्र पडलेली नाटकंसुद्धा शेवटापर्यंत बघत आलाय. पडद्यावरच्या माणसाला आपली तमा नाही, तरी आपण त्याची भीड धरतो. मग यातून अनुभवी लोकांनी मध्यम मार्ग काढला, झोपेचा. झोपणारा माणूस पैसेही वाया घालवत नाही, कुणाच्या गुडघ्यांना त्रासही देत नाही आणि वातानुकूलन पुरेपूर वसूल करतो. प्रत्येक घरात असे एक काका असतात. दिवे लागले की डोळे चोळत 'शेवट चांगला केलाय' म्हणतात आणि कुणी त्यांना तो शेवट विचारत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सनं दिल्ली-गुरुग्राममध्ये या दुखण्यावर एक औषध काढलं. 'फ्लेक्सी शो' नावाची ही सोय अशी: तिकिटाला दहा टक्के जादा भरायचे आणि सिनेमा सोडून निघालात, तर जितका उरला असेल त्या मानानं पैसे परत. पाऊणहून जास्त शिल्लक असेल तर साठ टक्के, अर्धा ते पाऊण शिल्लक असेल तर पन्नास, पाव ते अर्धा असेल तर तीस. हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग पुण्याची काळजी वाटली. इथे ही योजना आली तर पडद्याकडे बघणार कोण? सगळे घड्याळाकडे. 'आत्ता उठलो तर पन्नास, हे गाणं ऐकत बसलो तर तीस' असा हिशेब घालताना तो सिनेमा आयुष्यातला सर्वांत उत्कंठावर्धक ठरायचा. शिवाय निराश होण्याची सोय हवी म्हणून आधीच दहा टक्के जादा भरायचे, हेही पचायला जड.

घरच्या पडद्यावर हे सगळे प्रश्न सुटले असं वाटलं होतं. बटण दाबलं की संपलं. ना गुडघे, ना खुर्ची, ना सॉरी. पण तिथे उठून जाणं असं काही होतच नाही. अर्धवट राहिलेला सिनेमा मुखपृष्ठावर ठाण मांडून बसतो, त्याच्या पोटाखाली एक छोटी लाल रेघ असते आणि ती तेविसाव्या मिनिटापाशी थांबलेली असते. रोज रात्री तो विचारतो, पुढे बघायचं ना? आपण 'उद्या' म्हणतो. थिएटरातून निघालेला माणूस निदान एक निर्णय घेतो. त्याची किंमत त्यानं मोजलेली असते, म्हणून बाहेरची हवा त्याला गार लागते आणि भजी चविष्ट. घरी मात्र आपण सिनेमे सोडत नाही, नुसते सांडत जातो.

उरते ती शेवटची धास्ती. आपण उठलो आणि नेमकं नंतरच सगळं चांगलं असलं तर? अशा वेळी मला १९६० सालचा कान महोत्सव आठवतो. मायकेलअँजेलो अँटोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'त सहलीला गेलेली एक तरुणी बेटावरून नाहीशी होते. बाकीचे तिला शोधायला लागतात आणि हळूहळू तो शोध सगळेच विसरतात. प्रेक्षकांनी त्या संथपणावर इतकी हुर्यो उडवली, की स्वतः दिग्दर्शक आणि नायिका मोनिका विट्टी हॉलबाहेर निघून गेले. त्याच महोत्सवात त्या चित्रपटाला परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला आणि आज तो अभिजात मानला जातो. म्हणून बसावंच, असं कुणी म्हणेल. पण ती तरुणी शेवटपर्यंत सापडत नाही. हे पक्कं कळलं ते फक्त बसून राहिलेल्यांना. लवकर उठून गेलेल्यांपैकी काही जण, ती कधीच सापडली असणार असं समजून, त्या रात्री सुखानं जेवले असतील.