टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाच नाही; कारण तिथे टाक्याच दोन असतात, एक पाण्याची आणि दुसरी दगडावर चालणारी. या छंदातले लोक ज्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात तो खरे तर मेलेल्या प्रवाळांचा चुनखडी सांगाडा. जिवंत असते ते त्याच्या छिद्रांतले बिऱ्हाड. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया वरचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडून देतात. एवढे काम करणाऱ्याला दगड म्हणून हिणवणे बरे नव्हे. पण म्हणून त्याला ड्रिल लावू नये, हे मात्र मला पटत नाही.

न भोसकता दगड रचायचे म्हणजे उतरंड आली. तळाची वाळू उकरणे हा काही गोबी माशांचा पिढीजात धंदा. त्यांनी पाया पोखरला की वरचा दगड काचेवर येतो आणि समुद्र दिवाणखान्यात. या भीतीने दगड भिंतीसारखे गच्च रचले, तर मधून पाणी खेळत नाही, गाळ साचतो आणि जिवाणूंची ती गाळणीच तुंबते. उलट सहा मिलिमीटरचे भोक पाडून फायबरग्लासच्या कांडीत दगड मण्यांसारखे ओवले, तर तीन पायांवर कमानसुद्धा उभी राहते.

निसर्गाला भोके पाडणे हे पाप, असे हळवे लोक म्हणतात. निसर्गाने हे ऐकलेले दिसत नाही. क्लायोना नावाचे स्पंज आम्लाने चुनखडी पोखरतात. लिथोफागा हा शिंपला तर नावातच 'दगडखाऊ' आहे. आणि पोपटमासा प्रवाळ कुरतडून मागून पांढरी वाळू सोडतो. त्या वाळूवर फोटो काढणाऱ्यांनी ती आली कुठून, हे फोटो काढून झाल्यावरच विचारावे.

जिवाणू मरतील, ही शंका रास्त आहे. पण ते मरतात वाळल्याने, भोकाने नव्हे. टाकीतलेच पाणी मगाने ओतत राहावे, नळाचे क्लोरीनवाले नाही. ड्रिलचा हॅमर बंद, दाब हलका, आणि मशिन बॅटरीवरचेच. वायरवाले ड्रिल, खारे पाणी आणि अनवाणी पाय एकत्र आले तर देवपण दगडाला नव्हे, चालवणाऱ्याला येते. भोकातून कालवलेल्या चुन्यासारखा पांढरा लगदा ओघळतो, ओहोटीचा वास सुटतो आणि एखादा केसाळ किडा वळवळत बाहेर पडतो. डोंगर पोखरून उंदीर काढणे म्हणतात ते हेच.

खरा बिनतोड आक्षेप एकच: हा दगड समुद्रातून उचलायचाच कशाला? त्यावर मी हात टेकतो. आपल्याकडे रीफ बांधणारी प्रवाळे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावरून पिशवीत घालून आणायची ही वस्तू नाही. कोरडा, माणसाने घडवलेला दगड घ्यावा. काही आठवड्यांत जिवाणू तिथे आपणहून राहायला येतात, आणि रिकाम्या घराला भोके पाडताना कोणाची झोपमोडही होत नाही.

गंमत अशी की, ड्रिल पाहून कळवळणारेच पुढे नकोशी कीड मारायला जिवंत दगड पातेल्यात उकळतात. अशा दगडावर वाढणाऱ्या झोअँथिड नावाच्या काही जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. ते वाफेबरोबर हवेत पसरून घरातली माणसे इस्पितळात गेल्याचे दाखले आहेत. तेव्हा गॉगल आणि हातमोजे घालून भोके हवी तेवढी पाडा, पण दगड तेवढा शिजवू नका.